गेम अडखळता कामा नये

४ जून

प्रिय वन्सं,

छापील पत्र बघून दचकू नकोस, कोर्टाची नोटीस नाही. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे, म्हणून डाव्या हाताने टाइप करतेय. कपाटाचं दार आपटलं, दुसरं काही नाही. मोबाइल बादलीत पडला, त्यामुळे तोही गेला. आणि घरातल्या फोनवर बोलायला लागलं की तुझा दादा शेजारी येऊन बसतो, निम्मं बोलणं तोच उरकतो. म्हणून पत्र.

काम असं आहे की, तू लग्नात जोडून दिलेला कॉम्प्युटर आता अगदीच रडतो. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, ड्युअल कोअर घ्या, सगळे रोग बरे होतील. नवऱ्याची सख्खी बहीण कॉम्प्युटरचं दुकान चालवत असताना मी त्याचं का ऐकू? तूच सांग, घ्यावा की नाही.

मला काय हवं ते नीट लिहिते. दिवसा माझं नेहमीचं काम, वकीलबाईंच्या टेपा कानाला लावायच्या आणि लोकांचे जबाब जसेच्या तसे टाइप करायचे. त्याला हे मशीन पुरतं. पण संध्याकाळी हे वेल्डिंगच्या कारखान्यातून आले की तासभर गाड्यांचा गेम खेळतात. त्याच वेळी मागे गुपचूप कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं, तर गेम अडखळतो. गेम अडखळता कामा नये. पंख्याचा आवाज वाढता कामा नये. पडद्यावर काही दिसता कामा नये. आणखी एक, कॅमेऱ्याचा तो बारीक दिवा बंद ठेवता येतो का?

उत्तर वकीलबाईंच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. आमचा पोस्टमन हल्ली कुणाचंही पत्र कुणाच्याही दारात टाकतो.

तुझी वहिनी


११ जून

वहिनी,

त्या कोपऱ्यावरच्या माणसाचं ऐकशील तर एक दिवस अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर येशील. त्याला स्वतःला ड्युअल कोअर म्हणजे काय ते माहीत असेल तर मी दुकान बंद करून झाडू मारायला जाईन.

ऐक. तुझ्या जुन्या प्रोसेसरमध्ये काम करणारा एकच आहे. तो क्षणभर इकडे, क्षणभर तिकडे असा पळतो, म्हणून आपल्याला वाटतं दोन्ही कामं एकदम चालली आहेत. ओझं वाढलं की त्याची तारांबळ उडते आणि पडदा थिजतो. ड्युअल कोअरमध्ये दोघे असतात. एकाने गेम बघायचा, दुसऱ्याने कॅमेरा. ऐकायला झकास. पण तो तुझ्या बोर्डावर बसतच नाही. म्हणजे बोर्ड बदला, मग मेमरी बदला, मग पॉवर सप्लायही बदला. नाल सापडली म्हणून घोडा विकत घेण्यातला प्रकार. तर नको घेऊस. मी मेमरीची एक पट्टी पाठवतेय, ती टाक, काम भागेल.

कॅमेऱ्याचा दिवा बंद होत नाही. काळी टेप चिकटव. पण बाईसाहेब, हे काय चाललंय? नवऱ्यावर पाळत? माझ्या दादाची भानगड असणार अशी शंका असेल तर सोडून दे. ज्याला गेममधली गाडी धड वळवता येत नाही तो बाहेर काय दिवे लावणार!

माझं बरं चाललंय. परवा एका गिऱ्हाइकाने काउंटरवरून माझा हात धरला, सोडेना. दुसऱ्या हातात पॉवर सप्लाय होता, चांगला वजनदार, तोच त्याच्या तोंडावर घातला. दोन दात काउंटरवर पडले. सगळी आळी बघायला आली. आमच्या घराण्याचा हातच जड. मूठ वळताना अंगठा बाहेर ठेवायचा, नाहीतर आपलाच मोडतो, हे दादाने मला शाळेत असताना शिकवलं.

त्याला सांग, बहीण जिवंत आहे. कधीतरी फोन कर म्हणावं.

तुझी वन्सं


१९ जून

प्रिय वन्सं,

पट्टी मिळाली. बसवली. काम भागलं नाही.

काल संध्याकाळी हे खेळायला बसले तेव्हा मी आधीच कॅमेरा चालू करून ठेवला होता. गाडी तीनदा जागच्या जागी थिजली. तिसऱ्या वेळी ती सुटली ती थेट कठड्यावर जाऊन आदळली. त्यांनी कीबोर्ड वायरीसकट उपटला आणि तो मोडला. कळा खोलीभर उडाल्या. रात्री वेणी सोडली तेव्हा त्यातली एक माझ्या केसांत निघाली. कपाळाला तीन टाके पडले, मी नेमकी तेव्हाच पुढे झाले होते. आज सकाळी स्वतः जाऊन नवा कीबोर्ड घेऊन आले, जोडून दिला, गोड बोलले. ते तसे लगेच निवळतात.

आता मूळ अडचण. गेम थिजतो तेव्हा रेकॉर्डिंगसुद्धा थिजतं. मी फाइल उघडून पाहिली. कठडा येईपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं, त्यापुढे एकच चित्र थांबलेलं आणि आवाजाची घरघर. पुन्हा चित्र हलायला लागतं तेव्हा ते उठून गेलेले असतात आणि मी जमिनीवरच्या कळा वेचत असते. मला हवं ते नेमकं मधलं आहे.

म्हणून बोर्ड बदलावा लागो की अख्खा डबा, मला एवढंच सांग की ड्युअल कोअरवर दोन्ही न अडखळता चालेल का. हो किंवा नाही. माझे साठवलेले पैसे आहेत, त्याची काळजी करू नकोस.

आणि तुझ्या दादाला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. हात जोडते. एकच मोकळा आहे, पण जोडला असं समज.

तुझी वहिनी


२५ जून

वहिनी,

हो. चालेल. मी इथे दोन दिवस गेम आणि कॅमेरा एकदम लावून बघितलं, कुठे म्हणून अडखळलं नाही. बोर्ड, प्रोसेसर, मेमरी, पॉवर सप्लाय, सगळं एका खोक्यात बांधलंय. आजच पार्सल टाकते. पैसे नकोत.

आता एक गोष्ट, आणि चिडू नकोस. काल दादाला कारखान्यात फोन केला आणि सांगितलं.

तू नको म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे. पण ती पट्टी सोडली तर दादाच्या घरात त्याला न सांगता मी आजवर सुईसुद्धा पाठवलेली नाही, आणि त्याचं कारण तुला माहीत नाही. आमच्या घरी एखादी गोष्ट लपवलेली निघाली की बाबांचा पट्टा निघायचा. लपवली कुणी हे कळलं नाही तर दोघांवर. शेवटी आम्ही भावंडांनी ठरवलं की जगाला काय वाटेल ते सांगू, एकमेकांपासून मात्र काही लपवायचं नाही. मी सात वर्षांची होते, तो बारा. मी कधी मोडलं नाही, त्यानेही नाही. तुझ्यासाठी मोडायचं म्हणजे फार झालं.

आणि तुला वाटतं तसं काही झालं नाही. मी हसत हसतच सांगितलं की, दादा, तुझ्या बायकोला असं मशीन हवंय ज्यात तुझा गेमही चालेल आणि त्याच वेळी तुझा पिक्चरही निघेल. त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग हसला, अगदी पोट धरून. म्हणाला, पाठव की, बघू तरी काय पिक्चर काढते. नवरा-बायकोचं काय बिनसलं असेल ते आता एकदाचं बोलून मोकळे व्हा.

मशीन जोडलंस की कळव. प्रोसेसर बसवताना दाबू नकोस, नुसता ठेवायचा, आपोआप बसतो.

तुझी वन्सं


२ जुलै

छोटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल आलं. तसंच परत पाठवतोय, राग मानू नकोस. जुना कॉम्प्युटर मोडीत दिला. घरात आता ही ब्याद नको. तिला टायपिंगची गरज नाही, मी खायला घालायला समर्थ आहे.

तुझी वहिनी दवाखान्यात आहे. जबडा मोडला, तारेने बांधलाय, हातही पुन्हा मोडला. जिन्यावरून पडली असं मी बाहेर सांगितलंय. तुझ्यापासून लपवत नाही, आपलं ठरलेलं आहे. मी मारलं. जरा जास्त झालं, मलाही कळतं. पण नवऱ्यावर कॅमेरा लावणारी बायको तू कुठे पाहिलीस का? तू सांगितलं नसतंस तर मी मूर्खासारखा गेम खेळत बसलो असतो आणि तिने मला गावासमोर उभं केलं असतं. तू वेळेवर सांगितलंस, बरं केलंस. बहीण असावी तर अशी.

कुणी विचारलंच तर जिना. जास्त बोलू नकोस. हे पत्र वाचून फाड.

तुझा दादा


६ जुलै

वहिनी,

हे पत्र वकीलबाई तुला दवाखान्यात पोचवतील अशी आशा करते. दादाचं पत्र आलं. तू जिन्यावरून पडलीस असं कळलं. तेवढंच लिहिलंय त्याने, बाकी काही नाही.

तुमचं घर तळमजल्यावर आहे हे मला माहीत आहे. पण कारखान्याला माळा आहे, त्याचा लोखंडी जिना उभाच्या उभा आहे, तिथेच घसरली असशील. मी स्वतःला हेच सांगतेय. तसं असेल तर दोन ओळी लिही, मी स्वस्थ होईन. तसं नसेल तरी लिही.

मशीनचं सगळं सामान परत आलं. ते तसंच बांधून ठेवलंय.

जेवणखाण नीट घे. जबडा बांधलेला असताना नळीने पातळ तरी जातंय ना?

तुझी वन्सं


१५ जुलै

वन्सं,

तोंड तारेने बांधलेलं आहे, त्यामुळे आता जे काही बोलायचं ते बोटांनीच. मी वकीलबाईंच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत राहते, जिथे टेपांची कपाटं आहेत. त्यांच्याच मशीनवर हे टाइप करतेय. आजपासून तुझ्या दादाला अहो-जाहो बंद.

माळ्यावर मी आयुष्यात चढलेले नाही. खरं हवंय ना तुला? मग वाच.

तू फोन केलास त्या संध्याकाळी तो हसतच घरात आला. चप्पल काढली, हातपाय धुतले, म्हणाला, लाव तुझा कॅमेरा. मी म्हटलं, कुठला कॅमेरा? त्याने माझा प्लास्टरचा हात टेबलाच्या कडेवर आडवा ठेवला आणि वरून सगळं वजन टाकलं. मग मी लावला. काळी टेप त्याने स्वतः नखाने सोलून काढली. दिवा लागला. मग त्याने गेम लावला, मला खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसवलं आणि म्हणाला, बघू या, अडखळतो का.

तो खेळत होता. गाडी अडकली की एक ठोसा. पुन्हा खेळायचा. पुन्हा अडकली की पुन्हा. ते जुनं मशीन कॅमेरा चालू असताना किती वेळा अडकतं हे तुला मी काय सांगू, तूच ते जोडलेलं. मी मनात त्या गाडीला म्हणत होते, चल बाई, चल, थांबू नकोस. आठव्या की नवव्या वेळी माझ्या जबड्यातून आवाज आला. त्यानंतरही त्याने शर्यत पुरी केली. प्रत्येक वेळी अंगठा बाहेर होता, तू लिहिलं होतंस तसा. त्याचा मोडला नाही.

मग डबा अंगणात नेला आणि घणाने ठोकला. आतली डिस्क वेगळी काढून तिचे तुकडे केले, ते खिशात घातले. त्या ठोकाठोकीने शेजारची शिंपीण धावत आली, तिने मला दवाखान्यात नेलं. हाही मागोमाग आला आणि डॉक्टरांना जिना सांगितला. मला सांगता येत नव्हतं, तोंडच उघडत नव्हतं. शिंपीणबाईने मारताना पाहिलं नाही, नुसता घण पाहिला.

या खोलीतल्या टेपा घरी नेऊन मी सहा वर्षं दुसऱ्या बायकांचे जबाब टाइप केले. प्रत्येकीला समोरच्या वकिलाने एकच विचारलं, कुणी पाहिलं का? आणि प्रत्येकीचं तिथेच अडलं. म्हणून मला ते चित्र हवं होतं. एकदाच, पूर्ण, न थिजता. दुसरं काही मागितलं नव्हतं मी तुझ्याकडे.

तुला दोष देत नाही असं वाक्य इथे टाइप केलं होतं, ते पुसलं. देते. तुझ्या त्या लहानपणच्या कराराने माझा जबडा मोडला.

वकीलबाई केस उभी करतायत, पण त्या स्पष्ट बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, तुझा शब्द आणि त्याचा शब्द, एवढंच आपल्याजवळ आहे. निकाल त्याच्या बाजूने लागला तर मला त्या घरी परत जायला सांगतील, आणि मी गेले तर या वेळी जबड्यावर भागणार नाही. चित्र नाही, साक्षीदार नाही, कागद नाही. कुणाकडेच काही नाही.

वहिनी


२७ जुलै

वहिनी,

माझ्याकडे आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले. दादाने मला जिना सांगितलाच नव्हता. बाहेर जिना सांगितलाय, मी मारलं, असं त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने लिहिलंय. आमचं ठरलेलं आहे म्हणून. फाड म्हणाला होता, मी फाडलं नाही, आणि तुलाही सांगितलं नाही. तीन आठवडे ते गल्ल्याखाली ठेवून मी लोकांचे प्रिंटर दुरुस्त करत होते.

आमची आईसुद्धा पडायची. मोरीत पडायची, ओट्यावर पडायची, झोपेत पडायची. शेजारणी म्हणायच्या, बाईचा तोलच नाही. त्या घरात मी लहानाची मोठी झाले आणि तुझं मनगट, तुझे टाके वाचून तुला मेमरीची पट्टी पाठवली. याला काय म्हणायचं ते तूच ठरव. मला शब्द सापडत नाही.

तुझं पत्र वाचलं आणि दुकानाला कुलूप घालून दादाकडे गेले. तो कारखान्यात फाटक जोडत होता. तोंडावरची काच वर करून म्हणाला, छोटी, अचानक? स्टूल पुसून दिलं. मी विचारलं, गाडी अडकली की एक, हे खरं का. त्याने थोडा विचार केला आणि हो म्हणाला. माझ्याशी खोटं बोलायचंच नाही ना त्याला.

मी मारलं, वहिनी. सरळ नाकावर. रक्त हनुवटीवर आलं तरी तो हसून म्हणाला, अंगठा बरोबर ठेवलास. मग म्हणाला, पत्र आणलंयस? दे इकडे. पर्स माझ्या खांद्याला होती. त्याने माझा हात पाठीमागे पिरगाळला आणि मला त्या अर्धवट फाटकावर आपटलं, एकदा नाही, चारदा. भुवई फुटली, गरम पत्र्याला दंड लागला तिथली कातडी गेली. खाली सळ्या पडल्या होत्या. एक हाताला लागली, ती त्याच्या गुडघ्यावर घातली. तो खाली बसला. तो खाली बसल्यावर मला आणखी एक मारावीशी वाटली, आणि मी मारली. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आणि मग मला माझीच भीती वाटली, म्हणून सळी टाकली.

तो बसल्या जागी सदरा वर करून पाठमोरा झाला. बाबांच्या पट्ट्याचे वळ अजून आहेत, पांढरे, बकलाच्या खुणांसकट. म्हणाला, "बाबांचा रेडिओ तू उघडलास, आत काय आहे बघायला. मार मी खाल्ला. त्या मारावर तुझं दुकान उभं आहे, छोटी. आता जा, कुणाला द्यायचं त्याला दे पत्र."

हे खरं आहे. रेडिओ मीच उघडला होता. मी पलंगाखाली होते आणि तो मार खात होता. तो मी उघडला असं त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दोन दिवस मी जेवले नाही. पत्र हातात घ्यायचं, ठेवायचं. त्याने मला वाचवलं, आणि त्याच हाताने तुला मोडलं, आणि दोन्ही वेळा मी लपून बसले. काल सकाळी पोस्टात गेले आणि दादाचं पत्र रजिस्टरने वकीलबाईंच्या नावे पाठवलं. बाईंना फोन करून सांगितलं की जबाबही देईन, बोलावतील तेव्हा येईन. फोनवर मी काय बोलले, तो कसा हसला, मी त्याला किती मारलं, सगळं सांगेन. त्यासाठी मला आत टाकलं तरी चालेल.

दादाचा निरोप आला, मला बहीण नाही.

मशीनचं खोकं अजून बांधलेलं आहे. तिकडे पाठवू का?

वन्सं


२० ऑगस्ट

वन्सं,

परवा तार निघाली. पहिला शब्द काय बोलावा हे ठरत नव्हतं, शेवटी पाणी मागितलं. तोंड अजून दोन बोटांएवढंच उघडतं.

खोकं पाठवू नकोस. ड्युअल कोअर घ्यायचा नाही असं ठरवलं. इथे माझं मशीन एका वेळी एकच काम करतं, टेप ऐकवतं आणि मी टाइप करते, तेवढं ते म्हातारं ओढतं. मागे काही चालू ठेवायची आता गरज नाही. तू ते दुकानात कुणाला तरी विकून टाक, उगाच धूळ खाईल.

कोर्टाने सध्यापुरता हुकूम दिलाय. त्याला माझ्या जवळपास फिरकता येणार नाही आणि मला कुणी परत पाठवणार नाही. त्याच्या वकिलाने अक्षर आपल्या अशिलाचं नाही असं म्हणून पाहिलं. पण जज्जांनी तुझ्या दादालाच विचारलं तेव्हा तो तुझ्याकडे बघत बसला आणि अक्षर माझंच आहे म्हणाला. तू खाली मान घालून होतीस, तुला दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

पुढचं मोठं प्रकरण चालेल, दोन वर्षं, तीन वर्षं. त्यात मी तुझी वहिनी राहणार नाही. पण मी तुला हाक तीच मारीन, दुसरी मला येत नाही. राग अजून आहे. तुझी भुवई बघून थोडा कमी झाला, मग रात्री कूस बदलताना जबडा दुखला आणि परत आला. जाईल तेव्हा जाईल. तोवर तू येत जा.

तुझ्या जबाबाची टेप बाई दुसऱ्या टायपिस्टकडे देणार होत्या, नियमाने मी ती करायची नाही. म्हटलं, कोर्टाची प्रत ती करू दे, मला आपल्यापुरती एक करू द्या. काल दिवसभर तुझा आवाज कानात होता. फोनचं तू सगळं सांगितलंस, काही गाळलं नाहीस. रेडिओचंही सांगितलंस, ते कुणी विचारलंही नव्हतं. सळीपाशी बाईंनी तुला थांबवून पाहिलं, तरी तू किती वेळा मारलं ते सांगितलंसच.

शेवटी बाई विचारतात, त्याने तुमच्यासाठी एवढा मार खाल्ला, तुमच्यावर विश्वास ठेवून हे पत्र लिहिलं, मग तुम्ही ते का दिलंत? पुढे टेपवर खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मला वाटलं तू उठून गेलीस. मग तू म्हणतेस, "कारण तो माझ्याशी खरं बोलला. ते खरं आणखी कुणाकडे असतं तर मी पत्र फाडलं असतं." आणि मग तू रडतेस, लहान मुलीसारखी, दादा दादा म्हणून, बाई टेप बंद करेपर्यंत.

आमच्या कामात रडणं टाइप करत नाहीत, कंसात नुसतं ‘रडते’ असं लिहितात. मी दादा हा शब्द जितक्या वेळा आला तितक्या वेळा टाइप केला. सतरा वेळा.

वहिनी